जुन्या बोलेरोचा हीटर गार हवा फेकतोय, डॅशबोर्ड खोलावाच लागतो का?

पहाटेची_फेरी:
मंडळी नमस्कार. जिंतूरकडचा आहे. दिवाळीच्या आधी 2010 ची बोलेरो घेतली, सेकंड हॅन्ड म्हणून घेतली पण आरसी बघितली तर मी तिसरा मालक. इंजिन चांगलं आहे, टायर बरे आहेत, एसीसुद्धा बऱ्यापैकी गार करतो. चालत नाही तो फक्त हीटर. ब्लोअर सगळ्या स्पीडला जोरात फिरतो, नॉब पार लालकडं नेला तरी हवा गारच्या गार, कितीही लांब चालवा.
निम्मे लोक म्हणणार मराठवाड्यात हीटर कामून पाहिजे, म्हणून आधीच सांगतो. पहाटे भाजी घेऊन मार्केटला जावं लागतं, डिसेंबर-जानेवारीत बाहेर धुकं आणि आतून काचेवर वाफ, एका हातात स्टेअरिंग एका हातात फडकं. आई सोबत असली की तिचे गुडघे आखडतात ते वेगळंच.
गावातल्या मेकॅनिकचं म्हणणं, हीटरची कॉइल गेली, पूर्ण डॅशबोर्ड उतरवावा लागेल, गाडी ठेवून जा. खर्च सांगितला त्यात एक चांगली शेळी येते. कुणाला अनुभव आहे का?

दुष्काळी_ढग:
मे महिन्यात या. चावी न लावता हीटर चालू असतो.

लातुरी_तडका:
+1. आमच्या गाडीत एप्रिल-मे फुल हीटर, तोही मागच्या सीटपर्यंत. कंपनीनं फुकट दिलाय.

काळी_माती:
हसा, हसा. परभणीच्या कृषी विद्यापीठातल्या वेधशाळेचे आकडे बघा कधी, कडक थंडीत पारा 5 च्या खाली जातो. पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना वाटतं मराठवाडा म्हणजे बारमाही भट्टी, आणि मग जानेवारीत लग्नाला हाफ शर्टात येतात अन् रात्रभर मांडवाच्या जनरेटरपाशी उभे राहतात.
धागाकर्ते, तुमचा प्रश्न रास्त आहे. मला गाडीतलं कळत नाही, पण इथं कळणारे आहेत.

उदगीरची_लेक:
हवा जोरात येते पण गार येते, म्हणजे फ्यूज, ब्लोअर, रेझिस्टर हे सगळं बाद. गाडीच्या हीटरमध्ये वेगळं काही पेटत नसतं. इंजिनात तापलेलं कूलंट एका पाईपानं आत येतं, डॅशबोर्डमागं एक छोटा रेडिएटर असतो (मेकॅनिक त्यालाच कॉइल म्हणतात) त्यातून फिरून दुसऱ्या पाईपानं परत जातं, आणि ब्लोअर त्याच्यावरून हवा ढकलतो. तेव्हा एकतर गरम पाणी तिथपर्यंत पोचत नाही, नाहीतर पोचतंय पण आतला फ्लॅप फिरत नसल्यामुळं हवा त्याला बगल देऊन जातेय. कॉइल "गेली" असं हात न लावता कसं कळलं त्यांना?
मला आधी सांगा, हायवेला चालवताना तापमानाचा काटा कुठं असतो? आणि सकाळी गाडी पूर्ण गार असताना रेडिएटरचं झाकण उघडून आत पाणी काठोकाठ आहे का ते बघा. नुसती बाजूची बाटली बघू नका, झाकणाचं रबर गेलं असलं की बाटली भरलेली आणि रेडिएटर अर्धा रिकामा असं होतं. गार असताना म्हणजे गारच. गरम झाकण उघडून तोंड भाजलेला माणूस आमच्या गल्लीत आहे.

गुगल_महाराज:
सोपं आहे. कॉइल चोक. नवीन टाका, विषय संपला. जुन्या गाडीत डागडुजी करण्यात अर्थ नाही.

रेडिएटर_बाबा:
महाराज, तुम्ही टाकणार का पैसे? मग टाका नवीन.
धागावाले भाऊ, नांदेडला माझं गॅरेज हाय, हे काम रोजचं हाय म्हणून सांगूलालोय. ताईंनी विचारलेलं काट्याचं पहिलं सांगा. आन् एक काम करा, पैशाचं नाही. गाडी चांगली फिरवून आणा, बोनेट उघडा, इंजिन आन् केबिनच्या मधल्या पत्र्यातून दोन बारके होज आत गेलेले दिसतेत, अंगठ्यापेक्षा थोडे जाड. पंखा-बेल्टपासून बाह्या सांभाळून, फडकं धरून दोन्हीला हात लावा. दोन्ही चटके देतेत तर पाणी आत फिरतंय, मग दोष फ्लॅपचा नाहीतर केबलचा, डॅशबोर्डखाली वाकून नॉब फिरवताना केबल हलते का बघा, लई वेळा नुसती क्लिप निसटलेली असती. एक गरम एक गार आसंल तर कॉइल तुंबली नाहीतर मधी कॉक आसंल तो बंद हाय. दोन्ही गार आसले तर पाणी कमी, हवा धरलेली, नाहीतर थर्मोस्टॅट (पाणी तापलं की रेडिएटरची वाट उघडणारा वॉल्व्ह). आन् आसंही आसू शकतं की ते दोन होज आत जातच नाहीत, कुणीतरी इंजिनापाशीच एकमेकाला जोडून ठेवलेत. कॉइल गळली की आपल्याकडं हेच करतेत, उन्हाळ्यात कुणाला पत्ता लागतोय.

पहाटेची_फेरी:
ताई, बाबा, धन्यवाद. रेडिएटर बघितला, पाणी थोडं खाली होतं, पण थोडंच. पाण्याचा रंग मात्र विचित्र आहे, हिरवा ना लाल, गढूळ पिवळसर. काटा हायवेला पार खाली असतो, पहिल्या रेघेच्या जरा वर. मला वाटायचं चांगलंच आहे की, गाडी तापत नाही. होज दोन्ही आत गेलेले आहेत, लूप मारलेला नाही. गाडी फिरवून हात लावला तर एक कोमट, दुसरा गार. चटका कुठलाच देत नाही.

रेडिएटर_बाबा:
थर्मोस्टॅट नाही तुमच्या गाडीत. बघायची गरज नाही, लिहून देतो.

शेंगदाणा_लाडू:
नाही म्हणजे? कंपनीतून विसरला?

रेडिएटर_बाबा:
कंपनी कशाला विसरंल. काढून फेकलाय. आपल्याकडं गाडी मे महिन्यात एकदा हीट मारली की पहिलं काम थर्मोस्टॅट काढणं. मेकॅनिकला सोपं, मालकाला वाटतं आजार गेला. आसल रोग रेडिएटर तुंबलेला आसतो, नाहीतर फॅनची कपलिंग गेलेली, नाहीतर वॉटर बॉडी, म्हणजे पाणी फिरवणारा पंप. ते कोण बघत बसतंय.

मांजरा_पाटील:
बाबा, इथं मी तुमच्याशी सहमत नाही. आमच्याकडं केज-अंबाजोगाई पट्ट्यात ट्रॅक्टर, जीप, सगळ्यांचे थर्मोस्टॅट काढलेलेच आहेत आणि वर्षानुवर्षं चाललेत. बेचाळीस-त्रेचाळीस डिग्रीत ट्रॉली भरून चढावर गाडी घाला म्हणजे कळेल. तो अडकला आणि इंजिन सीज झालं तर भरून कोण देणार? थंडी दोन महिने, ऊन बाकी वर्षभर. हिशोब सरळ आहे.

उदगीरची_लेक:
पाटील, भीती समजते, हिशोब चुकतोय. थर्मोस्टॅट साधारण 82 ते 88 अंशाला उघडायला लागतो, आणखी दहा-बारा अंश चढले की पूर्ण उघडा. म्हणजे इंजिन खरंच तापलेलं असतं तेव्हा तो वाट अडवतच नाही, चांगला असेल तर. तो अडवतो ते गार इंजिनात, पाणी रेडिएटरकडं जाऊ न देता इंजिनातच फिरवत ठेवतो, म्हणजे इंजिन लवकर कामाच्या तापमानाला येतं. तो काढला की पहाटेच्या थंडीत डिझेल इंजिन साठाच्या आसपास घुटमळत राहतं. डिझेल नीट जळत नाही, ॲव्हरेज पडतं, ऑइलमध्ये ओल आणि काजळी साठते, लायनर-रिंगांची झीज वाढते. आणि काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंदही करतो. तिथं तो काढला की बरंचसं गरम पाणी रेडिएटरला न जाताच परत फिरतं, म्हणजे उन्हाळ्यासाठी काढला आणि उन्हाळ्यातच गाडी तापली. अडकायची भीती असेल तर दर दोन-तीन वर्षांनी नवीन टाका, काही शे रुपयांची वस्तू आहे.

मांजरा_पाटील:
ट्रॅक्टरचं ॲव्हरेज कोण बघतंय ताई. पण बायपासचं माहीत नव्हतं. आमच्या जुन्या जीपला थर्मोस्टॅट नाही तरी ती तापायचीच, तिचं हेच असेल का?

रेडिएटर_बाबा:
आसू शकतं. पण आधी रेडिएटर खोलून रॉड मारून घ्या, म्हणजे नळ्यांत सळई घालून साफ करून घ्या. तुम्ही बोअरचं पाणी घालता का?

मांजरा_पाटील:
मग काय बिसलेरी घालू?

लातुरी_तडका:
2016 ला आम्हाला मिरजेहून रेल्वेनं पाणी यायचं. प्यायला नव्हतं तिथं रेडिएटरला डिस्टिल्ड कोण घालणार. बोअरच्या पाण्यात चहा केला तरी पातेल्याला पांढरा थर धरायचा, रेडिएटरमध्ये काय होत असेल विचार करा.

रेडिएटर_बाबा:
तेच तर सांगूलालोय. बोअरच्या क्षारानं मोठ्या रेडिएटरची नळी तुंबायला टाईम लागतो, हीटर कॉइलची नळी बारीक, ती पहिल्यांदा तुंबती. कूलंट घालायचं ते बर्फ होऊ नये म्हणून नाही, आपल्याकडं कुठं बर्फ. आतून गंज धरू नये, थर साचू नये आन् उकळी उशिरा यावी म्हणून. डिस्टिल्ड पाणी बॅटरीच्या दुकानात भेटतं, पण मागताना नीट मागा, तिथंच ॲसिडचं पाणी पण भेटतं.

स्पॅनर_चौदा:
कुणी कूलंटची दुसरी बाजू सांगत नाही म्हणून लिहितो. इथिलीन ग्लायकॉल विषारी आहे आणि चवीला गोड. काढलेलं कूलंट अंगणात, गोठ्यापाशी ओतून ठेवू नका, कुत्रं, वासरू, लहान लेकरू कुणीही तोंड लावेल. झाकणाच्या कॅनमध्ये भरून वर काही लिहून ठेवा. आमच्या शेजारी कुत्र्याचं पिल्लू असंच गेलं, कारण समजायला वेळ लागला.

दुष्काळी_ढग:
मी गंमत करायला आलो होतो, आता वही काढून बसलोय.

गुगल_महाराज:
एवढं करण्यापेक्षा सिगारेट लायटरमध्ये लावायचा छोटा हीटर ऑनलाईन मिळतो. स्वस्तात काम.

उदगीरची_लेक:
महाराज, त्या सॉकेटचा फ्यूज साधारण दहा-पंधरा ॲम्पियरचा असतो. बारा व्होल्टला गुणा, जास्तीत जास्त दीडशे-पावणेदोनशे वॅट. गाडीचा स्वतःचा हीटर चालू असला तर काही किलोवॅट उष्णता देतो. त्या खेळण्यानं बोलेरो काय, हेल्मेटही गरम होणार नाही. वर स्वस्तातला असेल तर वायर वितळते.

शेंगदाणा_लाडू:
आमचे मामा थंडीत रेडिएटरपुढं पुठ्ठा लावतात. त्याचं काय?

रेडिएटर_बाबा:
मामा हुशार हायत, पण पुठ्ठा काढायची आठवण ठेवणारा भाचा पाहिजे. आपल्याकडं जानेवारीत पहाटे 8 आन् दुपारी 30. सकाळी लावलेला पुठ्ठा दुपारी विसरला की गाडी तापून हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या हेडखालचं पॅकिंग, जातं.

पहाटेची_फेरी:
अपडेट. बाबा म्हणाले तेच. वरचा मोठा होज इंजिनाला जिथं लागतो तिथलं झाकण उघडलं, आत काहीच नाही, रिकामी खोली. मेकॅनिक शेजारी उभा होता, म्हणाला "बरंच हाय की, आमीबी काढतोच." नवीन आणलाय, अजून बसवला नाही. कसा बसवायचा, दोन्ही बाजू सारख्याच वाटतात.

उदगीरची_लेक:
सारख्या नाहीत. स्प्रिंग आणि मेणाची कुपी असलेली बाजू इंजिनाकडं, कारण गरम पाणी तिला लागलं तरच ती उघडणार. कडेला बारीक भोक असतं, त्यात पिन हलते, ते भोक वरच्या बाजूला ठेवा म्हणजे भरताना हवा निघून जाते. बसवण्याआधी एकदा पाण्यात टाकून गॅसवर गरम करून बघा, त्यावर 82 असं काही कोरलेलं असेल त्याच्या आसपास उघडला पाहिजे. नव्यातसुद्धा खराब निघतात.

काळी_माती:
आणि घरातलं चांगलं पातेलं घेऊ नका. अनुभवाचे बोल.

स्पॅनर_चौदा:
गॅस्केट नवीन घ्या, जुन्यावर लाल पेस्ट थापून भागवू नका. पेस्टचे तुकडे आत सुटतात आणि तेही जाऊन कॉइलमध्येच बसतात.

घाटातली_वळणं:
थोडं अवांतर. हीटर फक्त थंडीसाठी नसतो हे कुणीच कसं लिहिलं नाही. मागच्या उन्हाळ्यात मांजरसुंब्याच्या घाटात काटा लालकडं चढायला लागला, गाडीत लेकरं, पुढं ट्रकची रांग, थांबायला जागा नाही. एसी बंद केला, काचा खाली, हीटर फुल आणि ब्लोअर फुल. बायकोनं बघितलं ते बघण्यासारखं होतं, पण काटा हळूहळू खाली आला, कारण इंजिनाची काही उष्णता केबिनमध्ये निघून जाते. वर जागा मिळाल्यावर थांबलो तेव्हा सगळ्यांचे कपडे चिंब, पण इंजिन वाचलं. हीटर बंद पडलेल्या गाडीत हा शेवटचा उपायही हातात नसतो.

मांजरा_पाटील:
हे पटलं. म्हणजे उन्हाळ्यासाठी तरी हीटर चालू पाहिजे, असं म्हटलं तर आमच्याकडचे लोक ऐकतील.

जायकवाडी_बॅकवॉटर:
काचेवरच्या वाफेचं कुणी बोलत नाहीये आणि मूळ अडचण तीच आहे धागाकर्त्याची. तुमचा एसी चालू आहे ना, मग हीटर दुरुस्त होईपर्यंत एसी लावा, हवा काचेकडं वळवा, आणि बाहेरची हवा आत येणारं बटण ठेवा, आतलीच फिरवणारं नको. एसी हवेतली ओल काढून घेतो, वाफ मिनिटाभरात जाते. थंडी वाजेल, पण रस्ता दिसेल. मी कन्नडच्या औट्रम घाटात धुक्यात असंच चालवतो. हीटर आणि एसी दोन्ही एकदम लावले तर सगळ्यात बरं, कोरडी गरम हवा मिळते.

लातुरी_तडका:
पण पावसाळ्यात उलटं होतं ना? मी एसी लावला की काच आणखीच पांढरी.

जायकवाडी_बॅकवॉटर:
ती वाफ बाहेरून धरते. काच आतून गार पडते आणि बाहेरची दमट हवा तिच्यावर बसते. बोट फिरवून बघा, आतून पुसलं जात नसेल तर वायपर मारा आणि एसी थोडा कमी करा किंवा हवा काचेवरून पायाकडं वळवा. आतून बाहेरून हे बघितल्याशिवाय बटणं दाबत बसू नका.

दुष्काळी_ढग:
आणि सकाळी गाडीत ओली गोणपाटं, ओली कोथिंबीर असेल तर वाफ धरणारच. भाजीवाल्याच्या गाडीचा हा वेगळा आजार.

पहाटेची_फेरी:
ढग, हे मात्र बरोबर बोललास. मेथीच्या जुड्या आता टारपोलिनखाली मागं टाकतोय, थोडा फरक आहे.
आता खरी बातमी. थर्मोस्टॅट बसला, गाडी नाक वर करून चढावर लावली, झाकण उघडं ठेवून गार इंजिन सुरू केलं, हीटर पूर्ण गरमवर, वरचा होज दाबत दाबत पाणी भरत गेलो, बुडबुडे थांबेपर्यंत. काटा आता मध्यावर येऊन थांबतो. इंजिनाचा आवाजसुद्धा मऊ झालाय, किंवा मला तसं वाटतंय. पण हीटर? आधी गार होता, आता कोमट. नॉब गरमवर पार लावूनही एक होज चटका देतो, दुसरा जेमतेम कोमट.

गुगल_महाराज:
कॉइल चोक. पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. नोंद घ्यावी.

रेडिएटर_बाबा:
नोंद घेतली महाराज. पण तुमी फेकून द्या म्हणलात, आपण धुवून बघू. भाऊ, दोन्ही होज पत्र्यापाशी काढा, इंजिन पार गार आसताना. जो होज गार राहतो, म्हणजे पाणी बाहेर येतं त्या तोंडातून बागेचा पाईप लावून पाणी सोडा, उलट्या दिशेनं, दुसऱ्या तोंडाखाली बादली. नळाच्याच दाबानं. वॉशिंग सेंटरचं प्रेशर लावू नका, जुनी कॉइल आत फुटली तर मग खरंच डॅशबोर्ड उतरावा लागतो. घाण येऊ लागली की थोडा येळ उलटं, थोडा येळ सुलटं. क्षार आसंल तर सायट्रिक ॲसिड, किराणा दुकानात लिंबूफूल म्हणून भेटतं, कोमट पाण्यात कालवून अर्धा तास भरून ठेवा, मग धुवा. संडास धुवायचं ॲसिड कुणी सांगंल, त्याचं ऐकू नका, ॲल्युमिनियम खाऊन टाकतं.

उदगीरची_लेक:
आधी पायाखालचं मॅट उचलून डाव्या बाजूचा गालिचा ओला आहे का, गोडसर वास येतो का, काचेवर तेलकट थर धरतो का हे बघा. यातलं काही असेल तर कॉइल गळतीये, धुण्यात वेळ घालवू नका. कोरडं असेल तर बाबांचं ऐका.

पहाटेची_फेरी:
गालिचा कोरडा आहे. रविवारी करतो.

शेंगदाणा_लाडू:
सोमवार झाला. काय झालं? आम्ही इथं मालिका बघितल्यासारखं रोज उघडून बघतोय.

पहाटेची_फेरी:
सांगतो, सांगतो. होज काढले, उलटं पाणी सोडलं. आधी काहीच नाही, नुसतं ठिबक ठिबक. मग एकदम भसकन चिखल आला, पिवळाजर्द. बादलीत खाली साचला तो बोटानं उचलून बघितला तर मऊ लगदा, वर पांढरी कचकच. आई दारात उभी होती, ती म्हणाली, अरे ही तर हळद आहे.
मला पटेना. आधीच्या मालकाला फोन लावला. तो हसायलाच लागला. म्हणे माहूरला जाताना रेडिएटर गळायला लागला होता, धाब्यावरच्या ट्रकवाल्यानं सांगितलं मूठभर हळद टाका, गळती थांबते. टाकली, थांबली. मग खबरदारी म्हणून घरी येऊन अजून टाकली. आणि तरीही गाडी तापायला लागली म्हणून थर्मोस्टॅट काढला.

लातुरी_तडका:
😂😂😂 गाडीला हळद लागली, आता अक्षता कधी?

मांजरा_पाटील:
हळद कुठली होती पण? वसमतची असेल तर जीआय मानांकनवाली कॉइल आहे तुमची, जपून ठेवा.

काळी_माती:
हीटर लावला की मसाले भाताचा वास येणार.

रेडिएटर_बाबा:
हसूलालेत सगळे, पण हे लई गाड्यांत निघतं. हळद फुगती आन् चिरेत जाऊन बसती, म्हणून गळती थांबती हे खरं हाय. पण तिला चीर कुठली आन् बारीक नळी कुठली हे कळत नाही, जिथं वाट अरुंद तिथं जाऊन बसती. रानात आडरात्री गाडी थांबली आसंल तर टाका, जीव वाचवायला. पण गावात आलं की तेच दिवशी रेडिएटर काढून झाळून घ्या आन् सगळं धुवून टाका. बाजारातली लीक थांबवायची पावडरसुद्धा तशीच.

घाटातली_वळणं:
पण शेवटी हीटर चालू झाला का नाही? ते सांगायचं राहिलंच.

पहाटेची_फेरी:
झाला. लिंबूफुलाचं पाणी भरून ठेवलं, मग उलटं-सुलटं करत धुतलं, पाणी पांढरं यायला बराच वेळ लागला. मोठा रेडिएटर उतरवून जिंतूरला रॉड मारून आणला, जुनी गळती होती तिथं झाळ मारली. नवीन कूलंट निम्मं, डिस्टिल्ड निम्मं. आता दोन्ही होज चटका देतात. गाडी गावाबाहेर पडेपर्यंत गरम हवा यायला लागते, उभी असताना जरा कमी येते, चालत्या गाडीत भरपूर. आई म्हणते बंद कर, डोकं दुखायलंय.

उदगीरची_लेक:
उभ्या गाडीत कमी येणं जुन्या डिझेलमध्ये ठीक आहे, रिकाम्या आयडलला ते इंजिन फारशी उष्णता तयारच करत नाही. पण काही आठवडे रेडिएटरच्या पाण्यावर लक्ष ठेवा. पाणी कमी होत राहिलं किंवा झाकणापाशी सतत बुडबुडे आले, सायलेन्सरमधून पांढरा धूर आला तर हेड गॅस्केट तपासा. ती गाडी एकदा चांगली तापलेली आहे, आधीच्या मालकाच्याच तोंडचं आहे.

ऊसवाला_आठवा_नंबर:
धागा वाचून एक सांगावंसं वाटलं. कारखान्यावर ऊस घेऊन गेलं की रात्र रात्र नंबर लागत नाही, आमची पोरं थंडीत काचा बंद करून इंजिन आणि हीटर चालू ठेवून झोपतात. जुन्या गाडीचा सायलेन्सर कुठं ना कुठं फुटलेला असतो, धुरातला विषारी वायू (कार्बन मोनॉक्साइड) केबिनमध्ये शिरला तर त्याला वासही नसतो नि माणूस उठत नाही. हीटर दुरुस्त झाला म्हणून कुणी असं करू नका. गोधडी घ्या.

स्पॅनर_चौदा:
सहमत. शेगडी केबिनमध्ये ठेवणारेही बघितलेत, तेही तितकंच जीवघेणं.

गुगल_महाराज:
सगळं मिळून खर्च किती आला? शेळी वाचली का?

पहाटेची_फेरी:
शेळीचा पाय गेला फार तर. बाकी शेळी शाबूत. गावातल्या मेकॅनिकलाही बादली दाखवली, कॉइलच होती म्हणाला, आणि ते खोटं नाही.

मांजरा_पाटील:
बाबा, मी आमच्या जीपला थर्मोस्टॅट टाकायचं ठरवलंय, पण आधी तुम्ही म्हणता तसं रेडिएटर धुतो. लिंबूफूल किती घ्यायचं? आणि आता झाकण उघडून बघितलं तर आत तपकिरी पाणी आहे, फोटो टाकतोय.

रेडिएटर_बाबा:
लिटरला वीस-तीस ग्रॅम बास, जास्त नको. जुनं पाणी सगळं काढा, लिंबूफुलाचं पाणी भरून गाडी कामाच्या गरमीला आणा, थोडा येळ चालू ठेवा, बंद करा, पार गार होऊ द्या, मग सोडा. त्याच्यानंतर साध्या पाण्यानं दोन-तीनदा धुवा, आत ॲसिड राहू देऊ नका. मग थर्मोस्टॅट, मग कूलंट. आन् पाटील, फोटोत वाफ दिसायली. झाकण गार झाल्यावर उघडा म्हणून ताई वर काय ओरडूलाल्या?